ऑस्ट्रेलियातील स्की रिसॉर्टवर हंगामी नोकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टधारकांना खुला झाला आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईकडची मुले-मुली बर्फातल्या नोकरीबद्दल चौकशी करू लागली आहेत. मी स्वतः तेथे एक हंगाम चेअरलिफ्टवर, म्हणजे लोकांना खुर्च्यांवर बसवून डोंगरावर नेणाऱ्या दोरमार्गावर, काढला असल्याने तेच ते प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. काम कसे मिळवावे यापेक्षा कोणते काम घेतले असता हंगाम आनंदात जाईल, यावर भर दिला आहे, कारण काम मिळूनही तिसऱ्या आठवड्यात परत फिरलेले लोक मी पाहिले आहेत.

ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो का? हंगाम केव्हा असतो?

पडतो, आणि आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत पडतो. जूनच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीत हंगाम औपचारिकपणे सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या आरंभी संपतो. प्रमुख रिसॉर्ट दोन राज्यांत आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत थ्रेडबो आणि पेरिशर, तर व्हिक्टोरियात माउंट बुलर, फॉल्स क्रीक आणि माउंट हॉथम. डोंगर फार उंच नाहीत. मुख्य भूमीवरील सर्वोच्च शिखर कोशियुस्को २,२२८ मीटरचे आहे, म्हणजे गुलमर्ग गावाच्याही खाली. तरीही शार्लट पास येथे २९ जून १९९४ रोजी उणे २३ अंश तापमान नोंदले गेले होते.

भारतीय नागरिकाला कोणत्या व्हिसावर हे काम करता येते?

उपवर्ग ४६२ चा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा यासाठी सर्वांत सोयीचा आहे. अर्जदाराचे वय १८ ते ३० असावे लागते, बारावीनंतरच्या शिक्षणाची किमान दोन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, व्यवहारापुरते इंग्रजी यावे लागते आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ असल्याचे दाखवावे लागते. भारतासाठी वर्षाला १,००० जागा असून इच्छुक त्याहून कितीतरी अधिक असल्यामुळे आधी नाव नोंदवून संगणकीय सोडतीत निवड व्हावी लागते आणि निवड झाली तरच व्हिसाचा अर्ज करता येतो. मुक्काम १२ महिन्यांचा असतो. एका मालकाकडे साधारणतः सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही, ही अट शहरातील नोकरीत अडचणीची ठरते. बर्फाचा हंगाम मात्र जेमतेम चार महिन्यांचा असल्याने येथे ती आड येत नाही.

मी मेलबर्नमध्ये शिकतो. विद्यार्थी व्हिसावर जमेल का?

पूर्ण हंगाम जमणार नाही. अभ्यासक्रम चालू असताना दर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. अधिकृत सुट्टीत ती लागू होत नाही. दोन सत्रांमधली विद्यापीठाची सुट्टी जून-जुलैमध्ये येते आणि शाळांच्या सुट्ट्याही त्याच सुमारास असल्यामुळे रिसॉर्टवरील सर्वांत गर्दीचे आठवडे नेमके तेच असतात. तेवढ्यापुरती माणसे घेणारी उपाहारगृहे, लॉज आणि सामान भाड्याने देणारी दुकाने असतात. मेलबर्नहून माउंट बुलर सुमारे तीन तासांवर आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांनी प्रथम तेथेच प्रयत्न करावा.

सर्वांत आनंदाचे काम कोणते?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो आणि विचारताना कामाच्या नावाकडे पाहतो. इन्स्ट्रक्टर म्हटले की डोळे चमकतात, भांडी घासण्याचे काम म्हटले की चेहरा पडतो. माझे मत यापेक्षा वेगळे आहे. हंगाम कसा जाईल हे तीन गोष्टींवर ठरते : दिवसातील कोणते तास तुमचे स्वतःचे आहेत, तुम्ही कोठे झोपता आणि तुमच्या पाळीत कोण आहे. यातील शेवटची गोष्ट आपल्या हातात नसते. पहिल्या दोन अर्ज करतानाच विचारून घेता येतात.

तासांचे उदाहरण घेऊ. लिफ्ट साधारणपणे सकाळी साडेआठ-नऊ ते दुपारी साडेचार-पाच चालतात आणि स्कीइंग करायचे तर याच वेळात. सायंकाळी चारला कामावर जाऊन रात्री अकराला सुटणारा किचन हँड आठवड्यातील पाचही दिवस सकाळपासून दुपारपर्यंत डोंगरावर असतो. त्याच्या हाताला साबणाचा वास येतो, परंतु ऑगस्टअखेर तो अवघड उतारांवरून सहज खाली येतो. उलट, तिकीट खिडकीवर इस्त्रीच्या गणवेशात बसलेल्या मुलीला काचेतून दिवसभर बर्फ दिसतो आणि स्की पायाला लागते ती केवळ सुट्टीच्या दिवशी. हाउसकीपिंगचे काम सकाळी सुरू होऊन दुपारी दोनच्या सुमारास संपते. पाठ दुखते, पण उरलेले दोन-अडीच तास हाती राहतात. ज्यांना स्कीइंग शिकण्याची खरी ओढ आहे, त्यांनी संध्याकाळचे काम मागावे, मग ते कोणतेही असो.

ज्यांना स्कीइंगचे विशेष आकर्षण नसून डोंगर, माणसे आणि नवा अनुभव हवा आहे, त्यांचा हिशेब निराळा आहे. त्यांना लिफ्ट किंवा रेंटल शॉप अधिक मानवेल. रेंटल शॉपमधील काम बाहेरून बूट देण्या-घेण्याचे वाटते, पण त्यात बारीक कौशल्य आहे. बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये बुटावरच कोरलेली असते. ती लांबी आणि गिऱ्हाइकाचे वजन, उंची, वय व सराव यांचा तक्त्यात मेळ घालून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा लावायचा असतो. आकडा कमी लागला तर स्की भलत्या क्षणी सुटते, जास्त लागला तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. वजन सांगताना लोक सर्रास दोन-चार किलो कमी सांगतात, हे तेथे पहिल्याच दिवशी शिकवले जाते.

रात्रीची दोन कामेही आहेत. यंत्रांनी उतार सपाट करणारे ग्रूमर चालक बहुधा अनुभवी असतात. कृत्रिम बर्फ तयार करणाऱ्या पथकात मात्र नवख्यांनाही संधी मिळते. हवा पुरेशी थंड आणि कोरडी असेल तेव्हाच पाण्याच्या तुषारांचा बर्फ होतो, म्हणून हे पथक रात्रभर होस ओढत आणि फवारणीची यंत्रे तपासत फिरते. एकांत आवडणाऱ्याने हे काम जरूर घ्यावे. गप्पिष्ट माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

लिफ्टवरचे काम प्रत्यक्षात कसे असते?

हे मी स्वतः केले असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. सकाळी सातला, अजून पुरते उजाडलेले नसताना, तुम्ही खालच्या स्थानकावर पोहोचता. रात्रीच्या वाऱ्याने खुर्च्यांवर पांढरा, खरखरीत थर चढलेला असतो. लिफ्ट संथ गतीने फिरवत एकेक खुर्ची समोर आली की रबरी हातोड्याने तो थर झोडायचा आणि झाडूने बैठक साफ करायची. त्यानंतर फावड्याने चढण्याची जागा सपाट करायची. ती दोन बोटे जरी खोल गेली तरी खुर्ची लहान मुलांच्या पाठीला लागते आणि उंच झाली तर मोठ्यांच्या गुडघ्यामागे आदळते. मग थांबवण्याची बटणे तपासायची. वरच्या स्थानकावर न उतरता पुढे गेलेल्या माणसाचा धक्का लागताच लिफ्ट बंद पाडणारे फाटक असते, तेही रोज सकाळी मुद्दाम ढकलून पाहायचे.

लोक आल्यावर काम सोपे दिसते आणि खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. जुन्या पद्धतीच्या, दोराला कायम जखडलेल्या खुर्च्या चढण्याच्या जागी वेग कमी करीत नाहीत, म्हणून प्रत्येक खुर्ची हाताने किंचित मागे धरून बसणाऱ्याला हलका आधार द्यावा लागतो. नव्या पद्धतीच्या खुर्च्या स्थानकात दोरापासून सुटून संथ होतात, त्यामुळे तेथे अंगमेहनत कमी आणि रांग सांभाळणे जास्त. माझ्या दुसऱ्या आठवड्यात एक पाच-सहा वर्षांचा मुलगा अर्धवट बसला आणि खुर्ची जमिनीपासून सुटू लागली. मी ओरडलो, बटण दाबायचे विसरलो. सोबतच्या सहकाऱ्याने दाबले. पुढे कोणी काही बोलले नाही, पण त्या दिवसानंतर माझा एक हात सतत बटणाच्या आसपास असे.

या कामात पाळीपाळीने विश्रांती मिळते आणि ती घेताना स्कीवरून एक-दोन फेऱ्या मारता येतात. दिवसभर उघड्यावर उभे राहावे लागते, पावसातसुद्धा. ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांत हंगामात पाऊस पडतो आणि बर्फापेक्षा तोच अधिक छळतो.

मला स्कीइंग अजिबात येत नाही. नोकरी मिळेल का?

मिळेल. स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, कॅफे, तिकीट खिडकी, वाहनतळ, मुलांचा सांभाळ यांपैकी कशालाही स्कीइंग यावे लागत नाही. लिफ्टवरही खालच्या स्थानकांवर नवखी माणसे घेतली जातात. निघण्यापूर्वी थोडे शिकून घ्यायचे असल्यास गुलमर्ग येथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे आणि मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेतही प्राथमिक अभ्यासक्रम असतात. आपल्याकडचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा आणि तिकडचा जूननंतरचा, त्यामुळे दोन्हींची सांगड उत्तम बसते.

इन्स्ट्रक्टर होणे किती अवघड आहे?

पहिल्याच हंगामात त्याच्या मागे लागू नये, असे मला वाटते. ऑस्ट्रेलियात ‘एपीएसआय’ या स्की प्रशिक्षकांच्या संघटनेची चार पातळ्यांची प्रमाणपत्रे आहेत. पहिल्या पातळीसाठीसुद्धा स्वतःचे तंत्र स्वच्छ असावे लागते, शुल्क भरावे लागते आणि प्रमाणपत्रानंतरही नव्या शिक्षकाच्या वाट्याला मुख्यतः शाळांच्या सुट्टीतील लहान मुलांचे वर्ग येतात. वर्ग नसेल त्या दिवशी कमाईही नसते. मुलांसोबत काम करण्यासाठी वेगळी शासकीय पडताळणी करून घ्यावी लागते. ज्यांना शिकवणे मनापासून आवडते त्यांच्यासाठी याहून सुंदर काम नाही, परंतु स्की चालवायला आवडते म्हणून शिक्षक होणारे दोन आठवड्यांत कंटाळतात. त्यांचा दिवस पडलेली मुले उचलण्यात आणि हातमोजे शोधण्यात जातो.

कोणते रिसॉर्ट निवडावे?

येथे ‘तुम्ही कोठे झोपता’ हा मुद्दा येतो. पेरिशर हे दक्षिण गोलार्धातील सर्वांत मोठ्या रिसॉर्टांत गणले जाते, मात्र तेथील बरेच कर्मचारी खाली जिंडाबाइन गावात राहतात आणि रोज बसने किंवा ‘स्कीट्यूब’ या बोगद्यातून जाणाऱ्या दातेरी रुळांच्या रेल्वेने वर जातात. जाण्यायेण्यात वेळ जातो, पण गावात सुपरमार्केट, तळे आणि रिसॉर्टपासून सुटका, तिन्ही मिळते. थ्रेडबोला डोंगराच्या पायथ्याशी नांदते गाव आहे. हॉथमची वस्ती धारेवर वसलेली असल्याने घरातून निघून खाली उतरायचे आणि लिफ्टने घरी परतायचे, असा उलटा प्रकार आहे. फॉल्स क्रीकच्या वस्तीत हिवाळ्यात रस्त्यांवरच बर्फ असतो आणि दाराशी स्की लावून निघता येते. एकटेपणा लवकर जाणवत असेल तर जिंडाबाइन किंवा थ्रेडबो बरे. पेरिशर, फॉल्स क्रीक आणि हॉथम सध्या एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीची आहेत, त्यामुळे अर्जाची पद्धतही सारखीच असते.

अर्ज केव्हा करावा आणि मुलाखतीत काय विचारतात?

मोठी रिसॉर्ट वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत माणसे निवडतात. लॉज आणि उपाहारगृहे मे महिन्यापर्यंत घेतात, आणि जूनअखेर पहिली गळती झाली की पुन्हा जागा निघतात. मुलाखतीत स्कीइंगपेक्षा थंडीत उभे राहण्याची तयारी, पूर्ण हंगाम थांबण्याची हमी आणि चिडलेल्या ग्राहकाला कसे हाताळाल, हेच अधिक विचारतात. गणेशोत्सवात रांगा लावण्याचे किंवा गडावर दुर्गसंवर्धनाच्या मोहिमेत राबण्याचे काम केले असेल तर ते संकोच न करता सांगावे. गर्दी आणि अंगमेहनत यांचा तो खरा अनुभव आहे. बारमध्ये काम करायचे असल्यास मद्य वाढण्याचे ‘आरएसए’ प्रमाणपत्र लागते आणि न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया यांचे नियम वेगळे असल्याने ते काम मिळालेल्या राज्याच्या नियमांप्रमाणे काढावे.

तुम्हीही त्यांना तीन प्रश्न विचारा : आठवड्याला किमान किती तासांची हमी आहे, राहण्याची सोय मिळते का आणि तिचे भाडे किती, आणि हंगामी पास फुकट आहे की सवलतीत. बहुतेक रिसॉर्ट आपल्या कर्मचाऱ्यांना पास देतात. स्वतंत्र लॉज किंवा दुकाने देतीलच असे नाही.

पैसे किती उरतात?

१ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे आणि तासांची हमी नसलेल्या ‘कॅज्युअल’ कामगाराला त्यावर २५ टक्के अधिक मिळतात. या व्हिसावरील कामगाराच्या पहिल्या ४५,००० डॉलर कमाईवर, मालकाने आवश्यक नोंदणी केलेली असल्यास, १५ टक्के कर कापला जातो. आकडे रुपयांत मांडले की मोठे वाटतात, परंतु डोंगरावर घरभाडे, जेवण आणि गरम कपडे यांवर बराच खर्च होतो. ज्यांना बचतच करायची आहे त्यांनी शेतमळ्यांवर किंवा शहरात काम शोधावे. विमानाचे तिकीट निघून वसंतात फिरायला थोडे उरले, तर हंगाम चांगला गेला असे तेथील लोक मानतात.

बर्फच पडला नाही तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, वास्तविक तो सर्वांत आधी विचारायला हवा. पेरिशरजवळील स्पेन्सर्स क्रीक येथे १९५४ पासून बर्फाची खोली मोजली जाते आणि त्या नोंदी पाहिल्या तर एका वर्षीचा आणि दुसऱ्या वर्षीचा बर्फ यांत केवढा फरक असतो हे लक्षात येते. जूनमध्ये अनेकदा कृत्रिम बर्फाच्या एक-दोन पट्ट्यांवरच उद्‌घाटन उरकते. लिफ्ट बंद तर काम बंद, आणि कॅज्युअल करारात काम बंद तर पगार बंद. घरभाडे मात्र चालूच राहते. म्हणून किमान चार ते पाच आठवड्यांचा खर्च हाताशी ठेवूनच जावे. स्वयंपाकघर आणि हाउसकीपिंगला याची झळ थोडी उशिरा लागते, कारण आगाऊ खोली घेतलेले लोक बर्फ नसला तरी येतात.

शाकाहारी जेवणाचे काय?

स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर काहीच अडत नाही. कर्मचारी भोजनगृहात शाकाहारी पदार्थ असतात, पण बहुधा पास्ता आणि बटाटा आलटून पालटून. डाळी आणि मसाल्यांचा साठा सिडनी, मेलबर्न किंवा कॅनबेरा येथूनच घेऊन जावा. प्रेशर कुकर नेण्याआधी खोलीत तशी परवानगी आहे का ते विचारावे. आमच्या लॉजमध्ये फोडणीच्या धुराने आगीचा भोंगा वाजला आणि रात्री साडेनऊला सगळे लोक पायजम्यावर बर्फात उभे राहिले. त्यानंतर मी आठवडाभर सर्वांना खिचडी खाऊ घातली आणि विषय मिटला.

कपडे कोणते न्यावेत?

निफाडच्या थंडीचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही, सह्याद्रीतल्या जुलैचा पडतो. ही थंडी ओली आहे. सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेतो, म्हणून आतून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस आणि सर्वांत बाहेर खरोखर पाणी न शिरणारे जॅकेट, अशी रचना ठेवावी. बाहेरच्या कामासाठी जॅकेट व पँट रिसॉर्टकडून मिळते. हातमोजे, मोजे आणि बूट तुमचे. हातमोज्यांचे दोन जोड लागतात, एक वाळेपर्यंत दुसरा. ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकत असल्याने ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन टाळू नये. हनुवटीखालीसुद्धा लावावे, नेमके तेथेच कातडे भाजते.

दुखापत झाली तर खर्च कोण करतो?

कामावर असताना झालेली दुखापत कामगार भरपाईच्या विम्यात येते. सुट्टीच्या दिवशी स्कीइंग करताना गुडघा गेला तर ती येत नाही. भारताशी वैद्यकीय सेवेचा परस्पर करार नसल्यामुळे मेडिकेअर ही तेथील सरकारी आरोग्य योजनाही लागू होत नाही आणि रुग्णवाहिकेचेसुद्धा पैसे पडतात. प्रवास विमा घेताना त्यात स्कीइंग व स्नोबोर्डिंग स्पष्टपणे समाविष्ट आहे ना, हे कागद वाचूनच ठरवावे, विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे.

एक एजंट व्हिसा आणि नोकरीची खात्री देतो आहे. पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. सोडत यादृच्छिक असते आणि तिच्यात कोणालाही नाव घुसवता येत नाही. नोंदणीचे शासकीय शुल्क अवघे २५ डॉलर आहे. नोकरीचे अर्ज रिसॉर्टच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर विनामूल्य भरता येतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दीड लाख रुपये भरून जे ‘ऑफर लेटर’ मिळवले, त्यात हंगाम डिसेंबर ते मार्च असा छापलेला होता.

हंगाम संपल्यावर काय करावे लागते?

खोलीची अनामत परत घ्यावी, शेवटची वेतनचिठ्ठी जपून ठेवावी आणि ३० जूनला संपणाऱ्या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र भरावे. हंगाम जूनमध्येच सुरू होत असल्याने तुमची कमाई दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मालकाने वेतनाव्यतिरिक्त १२ टक्के रक्कम निवृत्तिनिधीत भरलेली असते. देश कायमचा सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती मागता येते, मात्र या व्हिसावरील लोकांसाठी तिच्यावर ६५ टक्के कर आहे. उरलेल्या ३५ टक्क्यांसाठी तरी अर्ज करावा. तो ऑनलाइन असतो आणि भारतात परतल्यावर घरी बसूनही भरता येतो.